एल्व्हिरानं घडवलेली पोर

आमच्या सिबेक्यू गावच्या शाळेत गेलेल्या पोरांना तिथं काय शिकवलं ते आठवत नसेल, पण एल्व्हिरा दाझेनच्या हातची पोळी आठवते. ताटाएवढी, मधे फुगलेली, कडेला जराशी करपलेली. सव्वीस वर्षं तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली आणि तेवढ्यात तिनं रजा घेतल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. घरचं लाकूड स्वतः फोडायची. शेजारच्या म्हाताऱ्यांचंही फोडून द्यायची आणि कोणी आभार मानायला लागलं की म्हणायची, "बाजूला हो, ढलपी लागेल." बोलणं कमी, हसणं त्याहून कमी, आणि रडणं तर नाहीच.

या न रडण्यावरूनच तिचं नाव झालं होतं. आमच्याकडे माणूस गेलं की बायका मोठ्यानं रडतात, सूर धरून रडतात. एल्व्हिराचा एकुलता एक मुलगा एकोणिसाव्या वर्षी सॉल्ट नदीच्या घाटात गाडीसकट खाली गेला, तेव्हा सगळं गाव तिच्या अंगणात रडत होतं आणि ती चुलीशी उभी राहून तीनशे माणसांचा रस्सा ढवळत होती. मातीला गेली, मूठभर माती टाकली, परत आली आणि वाढायला उभी राहिली. लोकांनी तोंडात बोटं घातली. काहींनी "काळीज आहे की धोंडा" म्हटलं, काहींनी "बाई असावी तर अशी" म्हटलं. दिवस गेले तसं पहिलं मागं पडलं आणि दुसरं तेवढं राहिलं. तिचा नवरा वेंडेल मात्र फसला नाही. वर्षभरानं तो ग्लोब गावी बहिणीकडे निघून गेला. जाताना म्हणाला, "घरात माणसं दोन होती, एल्व्हिरा, पण रडणारा मी एकटाच. दमलो आता." तिनं त्याला शिदोरी बांधून दिली.

आपण धीराची नाही हे एल्व्हिराला पक्कं ठाऊक होतं. सहा वर्षांची असताना तिला सरकारी माणसांनी दूरच्या एका बोर्डिंग शाळेत नेलं होतं. तिथं रडणाऱ्या पोरीला ओली चादर पांघरून अंगणात उभं करत. एका थोरल्या पोरीनं तिला युक्ती सांगितली: गालाचं आतलं मांस दाढेखाली धरायचं आणि दुखेल तिकडं लक्ष द्यायचं. युक्ती लागू पडली. नवव्या वर्षी तिची आई गेल्याचं पत्र आलं. शाळेतल्या बाईंनी ते सगळ्या वर्गासमोर वाचलं आणि एल्व्हिरा रडली नाही. "शहाणी मुलगी," असं म्हणून बाईंनी तिला एक संत्रं दिलं. तिनं ते खाल्लं. त्या संत्र्याची लाज तिला म्हातारपणापर्यंत पुरली.

पंधराव्या वर्षी ती परत आली तेव्हा वयात येऊन दोन वर्षं उलटली होती. पोर वयात आली की मांडायचा तो चार दिवसांचा नाच तिचा राहूनच गेला. मांडणार कोण, आईच नव्हती. आपली भाषा ती निम्मी विसरली होती, ती हळूहळू परत आली. रडणं परत आलं नाही. मुलगा गेला तेव्हा चुलीशी उभी राहून ती त्या रडण्याचीच वाट बघत होती. आता येईल, आता येईल. आलं नाही. लंगडणाऱ्या माणसाला कोणी "काय रुबाबात चालतो" म्हणावं, तसं लोक तिला खंबीर म्हणत आणि ती ऐकून घेई.

अशा बाईच्या दारात एका मार्चमधल्या पहाटे रेनेलची आई येऊन उभी राहिली. तिचं नाव इथं घेत नाही. गेलेल्या माणसाला हाक मारून मागं वळवू नये. रेनेलची आई म्हटलं की गावात कळतं: शाळेची बस चालवणारी, गोल चेहऱ्याची, कशानंही डोळ्यांना पाणी येणारी. टीव्हीवर कुत्रं हरवलं तरी हिची बाही ओली, असं बायका तिला चिडवत.

एल्व्हिरा लाकडं आणायला दार उघडून बाहेर आली. रेनेलची आई वाकली आणि तिच्या उजव्या बुटावर तिनं गरुडाचं पीस ठेवलं. तिचा नवरा ट्रकमध्येच बसून समोर बघत होता.

"ताई, माझ्या रेनेलला तू घडव."

पायावर पीस आलं की दोनच वाटा. उचलायचं, नाहीतर का उचलत नाही ते सांगायचं. उचललं की त्या पोरीची जन्माची धर्माची आई व्हायचं. नाचात तिच्या शेजारी उभं राहायचं, तिला पाणी पाजायचं, आणि तिला कातड्यावर पालथी निजवून स्वतःच्या हातांनी मळायचं. त्या वेळी पोर नुकत्या जन्मलेल्या बाळासारखी मऊ असते. मळणारीचे जे गुण असतील ते तिच्यात उतरतात.

"घर चुकलीस तू," एल्व्हिरा म्हणाली. "माझा स्वतःचाच नाच झालेला नाही."

"माहीत आहे मला."

"नाच झालेल्या पन्नास जणी आहेत गावात."

"त्या पन्नासांत तुझ्यासारखी एक दाखव." तिचा आवाज आधीच चिरकायला लागला होता. "माझ्याकडं बघ की. बससमोरून ससा पळाला तरी मला रडू येतं, पोरं खिदळतात मागं. आणि ही पोर माझ्यावर गेलीय गं. कोणी वाकडं बोललं की लागली मुसमुसायला. कसं व्हायचं तिचं? तिला माझ्यासारखी नको होऊ दे. तुझ्यासारखी कर."

"आधी डोळे पूस. पीस भिजेल."

रेनेलची आई रडता रडता हसली. एल्व्हिरानं तेव्हाच सांगायला हवं होतं: बाई, तुला जी ताकद वाटते ती ताकद नाही, ते माझ्यातलं एक मेलेलं अंग आहे. शब्द जिभेवर आले होते. पण बावन्न वर्षांत तिच्या पायावर कोणी काही ठेवलं नव्हतं. जिचा नाच झाला नाही तिला कोणी विचारत नाही, आणि हिनं विचारलं होतं. एल्व्हिराला इतका आनंद झाला की तिला स्वतःचीच भीती वाटली. ती वाकली आणि तिनं पीस उचललं.

मग महिनाभर तिला झोप लागली नाही. शेवटी कॉफीचा डबा आणि पिठाची पिशवी घेऊन ती ऑर्व्हिल म्हाताऱ्याकडे गेली. नाचाची गाणी त्याला येत, रेनेलच्या नाचात तोच गाणार होता. म्हातारा अंगणात ढोलकीचं कातडं भिजवत बसला होता.

"मळताना मळणारीचं काय काय जातं पोरीत?" तिनं विचारलं.

"सगळं."

"एखादी गोष्ट मागं ठेवता येते?"

"रोज कणीक मळतेस ना? मिठाला सांगून बघ, तू तेवढं जाऊ नकोस म्हणून." तो स्वतःच्याच बोलण्यावर हसला. मग त्यानं मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. "का गं? असं काय आहे तुझ्यात?"

"काही नाही."

"काही नाही, म्हणून दोन मैल तंगडतोड करत आलीस." त्यानं कातडं पाण्यात दाबलं. "जे असेल ते पोरीच्या आईला सांग. ऐकून ती हो म्हणाली तर तिचं ती बघेल. न सांगता केलंस तर तुझं तू बघ."

सांगायचं ठरवूनच ती जूनमध्ये रेनेलच्या घरी गेली. नाच महिन्यावर आला होता. रश्श्याला घालायचं ओकच्या बियांचं पीठ दोघी दगडावर वाटत बसल्या. एल्व्हिरानं हात थांबवला.

"तुला एक सांगायचंय."

"आधी माझं ऐक, नाहीतर विसरेन," रेनेलची आई म्हणाली. "काल दवाखान्यात गेले होते. साखर मूत्रपिंडाला लागलीय म्हणाले. आत्ता लगेच काही नाही, पण लागलीय. माझी आई यानंच गेली, मावशीही यानंच. मी काय सत्तरीची होत नाही, ताई. पण घरी येताना मनात आलं, असू दे. आता एल्व्हिरा आहे. मी गेले तरी पोर उभी राहील." आणि तिनं पिठाळ हातांनीच डोळे पुसले, तशी गालांवर पांढरे पट्टे उमटले. "हं, तू काय सांगत होतीस?"

एल्व्हिरानं त्या तोंडाकडे बघितलं.

"पीठ जाड राहतंय," ती म्हणाली. "बारीक वाट."

जुलैमध्ये नदीकाठच्या मोकळ्या जागेत दोन्ही घरांचे मांडव समोरासमोर पडले. शनिवारी सूर्य डोंगरावर यायच्या आत ढोलकी सुरू झाली. रेनेल तेरा वर्षांची, काटकुळी. अंगावर हरणाच्या कातड्याचा झगा, कपाळावर शिंपला, केसांत पीस, हातात घुंगरांची काठी. पूर्वेकडे तोंड करून ती एका जागी नाचत होती आणि एल्व्हिरा तिच्या शेजारी. ऊन चढलं. गाण्यामागून गाणी झाली. पोरीला स्वतःच्या हातानं पाणी प्यायचं नाही, घाम पुसायचा नाही, कुठं खाजलं तर नखही लावायचं नाही. एल्व्हिरा तिचं तोंड पुसत होती, नळीनं पाणी पाजत होती. पुढं गुडघ्यांवर बसून, हात वर करून डोलायची गाणी आली तेव्हा पोरीचे पाय लटपटायला लागले होते. समोरच्या मांडवातून तिची आई बघत होती आणि अर्थातच रडत होती.

मग कातडं अंथरलं. रेनेल पालथी निजली आणि एल्व्हिरा तिच्याशेजारी गुडघे टेकून बसली. खांद्यांपासून सुरुवात केली. कणकेवर चालायचे तेच हात, पण ते आज तिला अवघडल्यासारखे वाटत होते. मनात ती एकच म्हणत होती: माझे कष्ट घे, माझी पाठ घे, माझं पहाटे उठणं घे, ते एक घेऊ नकोस. पाठीवर हात आले तेव्हा तिला कळलं की पोर रडतेय. आवाज न करता, दमून, आईसारखी. पाठ आतल्या आत हिसके देत होती.

रडू दिलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही. दमून रडलेल्या पोरी ऑर्व्हिलनं शंभर पाहिल्या होत्या. पण ढोलकी वाजत होती, पाचशे माणसं बघत होती, आणि एल्व्हिराच्या हाताखाली एक लहान पोर परक्या माणसांसमोर रडत होती. तिचं तोंड तिला न विचारताच पोरीच्या कानाशी गेलं.

"गप. गालाचं आतलं मांस दाढेखाली धर. घट्ट धर. दुखेल तिकडं लक्ष दे."

एका श्वासात पाठ शांत झाली.

आपण काय दिलं ते एल्व्हिराला कळलं. तरी ती मळत राहिली, कंबर, मांड्या, पोटऱ्या, कारण गाणं चालू होतं आणि गाणं मधे सोडता येत नाही. रेनेल उठली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. चारी दिशांना ती धावली आणि एकदाही अडखळली नाही. टोपलीतून तिच्या डोक्यावर मका आणि गोड गोळ्या ओतल्या तेव्हा पोरंटोरं त्यावर तुटून पडली, पण तिची पापणी लवली नाही. "उतरली," बायका म्हणाल्या, "एल्व्हिरा उतरली पोरीत." नाचानंतर चार दिवस पोरीच्या हाताला गुण असतो, म्हणून लोक दुखरे गुडघे आणि तापलेली बाळं घेऊन रेनेलचा हात लावून घ्यायला आले. रेनेलच्या आईनं तर एल्व्हिराला मिठीच मारली. त्या दिवसापासून दोघी एकमेकींना नावानं न बोलावता सोयरी म्हणू लागल्या.

पोर चांगली निघाली, यात काही वादच नाही. अठराव्या वर्षी ती जंगलातली आग विझवणाऱ्या तुकडीत लागली. पाठीवर वीस किलोचं ओझं घेऊन पुरुषांच्या पुढं डोंगर चढायची. सुट्टीत आली की आधी एल्व्हिराचं लाकूड फोडायची, मग घरी जायची. एल्व्हिराला ती थोरली आई म्हणे. एका पोराबरोबर तिचं दोन वर्षं जमलं होतं, ते मोडलं. "काय झालं गं?" असं एल्व्हिरानं विचारलं तेव्हा म्हणाली, "त्याचा बाप वारला. मी मयताचं सगळं केलं. तो म्हणतो, तू नुसती कामं करत होतीस." आणि कुऱ्हाड उचलून पुढचा ओंडका घेतला.

रेनेलच्या आईला आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला शो लो गावच्या दवाखान्यात न्यावं लागे. रेनेल आगीवर असली की एल्व्हिरा सोबत जाई. एकदा मशीन चालू असताना रेनेलची आई म्हणाली, "सोयरे, एक विचारू? पोर माझे पाय चेपते, जेवण करते, कशाला कमी करत नाही. पण आता फार दिवस नाहीत असं मी तिला सांगितलं, तर 'बरं' म्हणाली. नुसतं बरं. तिला काही वाटतं की नाही गं?"

"वाटतं. फार वाटतं."

"तुला काय माहीत?"

आठ वर्षं गिळलेलं सगळं मग एल्व्हिरानं सांगितलं. ओली चादर, संत्रं, चुलीशी वाट बघत काढलेला तो दिवस, कातड्यावर पोरीच्या कानात बोललेले शब्द. काही मागं ठेवलं नाही. मशीन घरघरत होतं. रेनेलची आई छताकडे बघत होती आणि पाणी तिच्या कानांपर्यंत ओघळत होतं.

"मीच ठेवलं होतं पीस," ती शेवटी म्हणाली.

"मी उचललं."

"मला तुझा राग आलाय, सोयरे. पण राग धरायला वेळ कुठं आहे." तिनं सुया टोचलेला हात जपून बाजूला घेतला आणि दुसऱ्या हातानं एल्व्हिराचं मनगट धरलं. "मी गेले की तिला रडव. माझं एवढं कर. ते आत राहिलं तर पोर नुसती कामं करत म्हातारी होईल."

"तुझ्यासारखी रडव म्हणतेस?"

"माझ्यासारखी. लोकांनी हसावं अशी."

एल्व्हिरानं शब्द दिला. ऑक्टोबरात रेनेलची आई गेली.

मातीच्या दिवशी वारा सुटला होता. बायकांनी खड्ड्याशी सूर धरला तेव्हा रेनेल बापाला दंडाला धरून उभी होती आणि तिचं तोंड शाळेच्या फोटोतल्यासारखं नीट होतं. आईचे कपडे, चादरी, बस चालवतानाची टोपी, सगळं तिनं रीतीप्रमाणे स्वतः जाळलं. परत येऊन हात धुतले आणि मोठ्या पातेल्याशी उभी राहिली. एल्व्हिरानं तिला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि पलंगावर बसवलं.

"लोक जेवायचेत, थोरली आई."

"जेवतील. बस जरा. तुझ्या आईनं मला एक काम सांगून ठेवलंय."

"काय?"

"तुला रडवायचं."

रेनेलच्या ओठांना हसू आल्यासारखं झालं. "आईचंच बोलणं." मग तिनं हातांकडे पाहिलं. "मला वाटलं होतं आज येईल. खड्ड्याशी वाट बघत होते मी. मी वाईट आहे का?"

"तू नाहीस. तुझ्या कानात बोलणारी मी वाईट. ते सोड आता. विसरून जा ते."

"सोडलं तरी येत नाही. करून बघितलंय." ती एल्व्हिराकडे वळली आणि अगदी मनापासून, कणकेला पाणी किती घालू असं विचारावं तसं म्हणाली, "तू सांगितलेलं मी आजवर सगळं केलंय. हेही करेन. कसं रडायचं ते सांग."

एल्व्हिरानं तोंड उघडलं. तिला वाटलं काहीतरी सुचेल. गेलेली मैत्रीण आठवली, तिच्या गालांवरचे पिठाचे पट्टे आठवले, मुलगा आठवला, आणि छातीत इतकं दुखायला लागलं की तिनं पलंगाची कड धरली. डोळे कोरडेच राहिले.

"मला येत नाही," ती म्हणाली.

"मुलगा गेला तेव्हाही?"

"तेव्हाही नाही."

इतक्या वर्षांत रेनेलनं थोरल्या आईला असं कधी बघितलं नव्हतं. मग ती सरकून जवळ बसली. भिंतीपलीकडे बायकांचा सूर चढत होता, उतरत होता. दोघी खांद्याला खांदा लावून ते ऐकत बसल्या.

कोणीतरी दार ढकलून आत डोकावलं. "रस्सा संपत आलाय. दुसरं पातेलं कोण आणतंय?"

"आम्ही आणतो," रेनेल म्हणाली.

दोघी उठल्या. पातेल्याचा एक कान रेनेलनं धरला, दुसरा एल्व्हिरानं, आणि एक थेंब न सांडता त्यांनी ते मांडवात आणलं. लोक भराभर वाट्या पुढं करू लागले. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं.

"पोर बघितलीस?" तो कौतुकानं म्हणाला. "हुबेहूब एल्व्हिरा."

एल्व्हिरानं ते ऐकलं आणि त्याच्या वाटीत रस्सा वाढला.